माझी धाप घरी कशी पोचली

मित्रांनो, आधी माझ्या पोटातली बॅटरी बघा आणि मग माझ्याकडे बघा. बॅटरी करंगळीच्या पेराएवढी आहे. मी कपाटाएवढा आहे. मी एक जुना मारामारीचा व्हिडिओ गेम आहे, पार्लरमध्ये उभं राहून, नाणं टाकून खेळायचा, आणि माझी सगळी अक्कल त्या एवढ्याशा बॅटरीवर टांगलेली होती.

ज्या कारखान्यानं मला घडवलं त्याला नकलेची फार भीती. माझा खेळ चोरून कोणी दुसऱ्या पेटीत घालू नये म्हणून त्यांनी तो कुलूपबंद केला आणि त्याची किल्ली एका विसराळू चिपमध्ये ठेवली. वीज मिळेपर्यंतच ती चिप लक्षात ठेवायची. मी चालू असलो की तिला भिंतीतली वीज मिळे, मला बंद केलं की ती बॅटरीवर जगे. बॅटरी संपली की किल्ली गेली, आणि किल्ली गेली की खेळ कायमचा गेला. चोर येईल म्हणून स्वतःच्याच घराखाली सुरुंग पेरावा, तसला हा शहाणपणा. बरं, हे त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. मलासुद्धा ते म्हातारपणी कळलं.

माझं अंग जाड प्लायवूडचं आहे. कारखान्यात एका सुतारानं माझ्या कडा घासल्या, एका बाईनं समोरच्या फळीवर दोन दांड्या आणि बारा बटणं बसवली आणि प्रत्येक बटण शंभर वेळा दाबून पाहिलं. माझ्या आत आठ लढवय्ये होते. त्यांची कारखान्यानं ठेवलेली नावं कुणाच्या जिभेवर बसली नाहीत. पोरांनी आपली नावं ठेवली. हातातून वीज फेकणारी ती वीजवाली आणि धगधगीत गोळा फेकणारा तो कोळसेवाला. बाकी सहाजण काही वाईट नव्हते, पण ही दोघं माझी लाडकी.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. मला धाप लागायची. वीजवालीनं वीज सोडली आणि त्याच क्षणी कोळसेवाल्यानं गोळा सोडला, की एवढं सगळं एकदम दाखवणं माझ्या डोक्याला पेलत नसे. मग पडद्यावर सगळं संथ व्हायचं. माणसं पाण्याखाली चालल्यासारखी चालायची. अर्धा सेकंद, कधी पाऊण, आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं. चारचौघांत ठेच लागल्यावर माणूस इकडेतिकडे बघतो ना, तसं मला व्हायचं. वाटायचं, कुणी पाहिलं तर नाही?

सगळ्यांनी पाहिलं होतं. पण पार्लरमध्ये त्याबद्दल कुणी नाक मुरडलं नाही. पार्लर म्हणजे एक लांबट खोली होती, चपलांच्या दुकानामागे. भिंतीला लागून आम्ही नऊ यंत्रं उभी होतो आणि माझ्यापुढे सगळ्यांत मोठी गर्दी असायची. पुढच्या डावावर हक्क सांगायचा तर माझ्या काचेच्या खालच्या कडेला आपलं नाणं ठेवायचं, अशी तिथली रीत. कधीकधी तिथे बारा-बारा नाणी रांगेत बसलेली असायची आणि माझी छाती फुगायची.

त्या गर्दीत एक बहीण आणि एक भाऊ होते. बहीण मोठी, डाव्या बाजूला उभी राहायची आणि वीजवाली घ्यायची. भाऊ धाकटा, उजवीकडे बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यावर उभा राहायचा आणि कोळसेवाला घ्यायचा. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणतो. दोघं मोठे झाले, खोकं गेलं. ताई रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये लागली आणि भावानं कुलपं-किल्ल्यांचं दुकान टाकलं. तरी दर मंगळवारी, त्याच्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी चारला दोघं माझ्यापुढे हजर. खेळताना एकमेकांची इतकी टर उडवायचे की शेजारच्या मोटारींच्या गेमला स्वतःचे हॉर्न ऐकू येत नसत.

त्याच काळात माझा खेळ पहिल्यांदा घरी गेला. म्हणजे दुकानांत त्याची कॅसेट आली, टीव्हीला जोडून खेळायची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पार्लरचा थरार घरच्या घरी. ताईची लेक तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. मामानं तिला ती कॅसेट आणून दिली. दुसऱ्याच मंगळवारी ती आईबरोबर पार्लरमध्ये आली, माझ्यापुढे उभी राहून तिनं बराच वेळ बघितलं आणि पार्लरच्या मालकांना ठणकावून सांगितलं की आमच्या घरातला खोटा आहे.

तिनं एकेक पुरावा दिला. घरच्या खेळात आठातले दोन लढवय्ये गायब. उरलेले अंगठ्याएवढे. माझ्यात एका लाथेला नऊ चित्रं लागायची, घरी तीन. त्यामुळे तिथे लाथ बसत नव्हती, नुसती उगवत होती. आवाज डबीत बसून बोलल्यासारखा. दांडीच्या जागी चपटा रिमोट, त्यावर सगळं अंगठ्यानं करायचं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मनातून मी खिदळलो. टीव्हीला जोडायच्या त्या घरच्या डब्यांत मी कधीच मावायचा नाही, असं मी धरून चाललो.

मग नऊ वर्षांपूर्वी एका मंगळवारी दोघं आले आणि एक अक्षर बोलले नाहीत.

कारण मला नंतर कळलं. त्यांची आई अचानक आजारी पडली होती. भाऊ परगावी एका बँकेच्या तिजोरीचं कुलूप उघडायला गेलेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ता करावं लागेल, घरच्यांची सही हवी. भावाचा फोन लागेना. ताईनं सही केली. आई टेबलावरून उठलीच नाही. भाऊ संध्याकाळी पोचला आणि म्हणाला, माझ्यासाठी थांबायचं तरी होतंस. त्यानंतर ताईच्या घराची पायरी तो चढला नाही.

पण मंगळवार दोघांनीही सोडला नाही. मित्रांनो, हे मला आजवर उलगडलेलं नाही. कोणी कोणाला बोलावत नव्हतं. चारला ताई डावीकडे, भाऊ उजवीकडे. तीन डाव खेळायचे, ना दोन ना चार, आणि एकानं पुढच्या दारानं जायचं, दुसऱ्यानं मागच्या. खेळायचे मात्र जीव तोडून. माझी बटणं तेव्हा दुखायची. एकदोन वेळा ताईच्या मनगटाचा हिसका असा बसला की दांडी तुटते की काय असं वाटलं. त्या तीन डावांत मला दहा-पंधरा वेळा धाप लागायची. तेवढ्या वेळात दोघांच्या हातांना काही करता येत नसे. दोघं एकाच वेळी श्वास सोडायचे, मला तो काचेवर जाणवायचा, आणि पुन्हा तुटून पडायचे.

नऊ वर्षं असं चाललं. मग पार्लर बंद व्हायची वेळ आली आणि मालकांनी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं माझं मागचं दार काढलं आणि आत दिवा धरला. मालकांबरोबर ताईची लेक होती. ती आता मोठी झाली होती आणि जुने पार्लरचे गेम घरच्या यंत्रांवर आणणं हाच तिचा पेशा होता. मेकॅनिकनं बॅटरीला मीटर लावला आणि तोंड वाकडं केलं.

बॅटरी आता जेमतेम जिवंत होती. शेजारच्या गावातलं माझ्यासारखंच यंत्र गेल्या महिन्यात विसरलं होतं. रात्री बंद केलं, सकाळी लावलं तर पडद्यावर नुसते रंगीत चौकोन. लेकीनं विचारलं, बॅटरी बदलता येणार नाही का? मेकॅनिक म्हणाला की जुनी बॅटरी गळून बोर्ड कुजलाय, तिथे नवी जोडायला गरम सोल्डर लावलं की तांब्याची तार उखडून येईल आणि जे व्हायचं ते दोन मिनिटांतच होईल. उपाय एकच होता. मला बंदच करायचं नाही.

"किती दिवस चालू ठेवणार?" त्यानं विचारलं.

"माझं काम होईपर्यंत. आईचं आणि मामाचं मंगळवारचं तेवढंच उरलंय. ते गेलं की दोघं पुन्हा समोरासमोर यायचे नाहीत." लेक म्हणाली.

मालकांनी मला तिच्या हवाली केलं. नेताना वीज तोडणं भागच होतं, म्हणून तिनं बॅटरीवर चालणारा एक यूपीएस आणला आणि मला चालू ठेवूनच टेम्पोत चढवलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला माझ्या काळजाचा ठोका चुकत होता. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानावर तिची कामाची खोली होती. जिन्याच्या वळणावर चार हमालांनी मला आडवा केला, तेव्हा यूपीएस मेकॅनिकनं बाळासारखा छातीशी धरला होता.

त्या खोलीत माझी खरी परीक्षा सुरू झाली. कुलूपबंद खेळ बाहेर काढता येत नव्हता, म्हणून लेकीनं तो बघून बघून लिहायचं ठरवलं. माझ्यासमोर कॅमेरा लावला. मी सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. ती एक बटण दाबायची आणि मग मोजायची की किती चित्रांनंतर ठोसा बसला. चार. लाथ सात. उडी मारून खाली यायला एकेचाळीस. मला स्वतःला यातलं काही माहीत नव्हतं. आपल्या हृदयाचे ठोके आपण थोडेच मोजतो? तिनं वह्या भरल्या आणि तसाच्या तसा खेळ घरच्या डब्यासाठी लिहायला घेतला. आठही लढवय्ये, लाथेची नऊच्या नऊ चित्रं. माझ्यासारख्याच जाड प्लायवूडवर दोन दांड्या बसवून घेतल्या. नवा चपटा टीव्ही प्रत्येक चित्र दाखवण्याआधी क्षणभर धरून ठेवतो आणि त्यामुळे हात मागे पडतो, म्हणून तिनं पाच टीव्ही परत केले आणि सहावा ठेवला.

मी उखाळ्यापाखाळ्या काढायला टपलेलाच होतो. पण तिचं काम बघून माझं तोंड बंद झालं. हा डबा खिदळण्यासारखा नव्हता. आणि मला भीती वाटू लागली की हा माझ्यासारखा झाला तर माझी गरज संपली, आणि नाही झाला तर त्या दोघांची भेट संपली. यातलं कुठलं हवं, हे मला दोन दिवस ठरवता आलं नाही. मग मंगळवार आला, ताई डावीकडे येऊन उभी राहिली, आणि मी ठरवून टाकलं. खेळ पोचू दे. माझं बघता येईल.

लेकीनं दोघांना वेगवेगळा फोन करून खोलीवर बोलावलं होतं. पहिले दोन मंगळवार ते माझ्यावर खेळले. तिसऱ्या मंगळवारी तिनं नवा डबा पुढे केला आणि मला बाजूला चालू ठेवला. मी श्वास रोखून बघत होतो. पहिला डाव ताईनं घेतला, दुसरा भावानं. लेक पेन्सिल चावत उभी. तिसरा डाव अर्ध्यात असतानाच भावानं दांडी सोडली.

"हे ते नाही," तो भाचीला म्हणाला.

ताईनंही हात काढून घेतले. पहिल्यांदाच दोघांचं काही जुळलं होतं, आणि तेही नेमकं यावर. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं वह्या उघडल्या, ठोसा चार, लाथ सात, मामा, सगळं मोजलंय, म्हणाली. भावानं पिशवी उचलली होती. मला वाटलं, झालं, आता हा जिना उतरणार आणि सगळं संपणार.

"कुठं चुकलंय तेवढं सांग, मामा."

तो दारात थांबला. त्याला सांगता येत नव्हतं. कुलूप हाताला कळतं, तोंडाला नाही, तसं त्याचं झालं. शेवटी म्हणाला, "यात श्वास घ्यायला जागाच नाही."

लेक माझ्याकडे वळली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. मित्रांनो, तिची चूक साधी नव्हती, फार नीटनेटक्या माणसाच्या हातून होणारी होती. माझं चित्रण करताना मला जिथे जिथे धाप लागली, तो तो तुकडा तिनं कापून टाकला होता. म्हातारं यंत्र आहे, अडखळतंय, हा बिघाड आपण कशाला उतरवायचा, असं तिला वाटलं. नव्या डब्याला कितीही आग दाखवायला सांगा, तो दमतच नव्हता. आणि त्या दोघांचे हात माझ्या दमण्यावर वाढले होते. ज्याची मला जन्मभर लाज वाटली, तीच गोष्ट नेमकी घरी पोचली नव्हती.

तिनं कॅमेरा उचलून माझ्यासमोर लावला. आई, मामा, फक्त पाच मिनिटं, दोघं याच्यावर या, म्हणाली. दोघं आले. ती कॅमेऱ्याचा स्क्रू आवळत होती, तेवढ्यात लाइट गेली.

खाली इस्त्रीची यंत्रं एकदम गप्प झाली. नवा डबा काळा पडला. मी मात्र चालू होतो, कारण माझ्या पायाशी यूपीएस होता, आणि आता तो टीं-टीं करू लागला. लेक खिडकीपाशी धावली. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघत होता. म्हणजे लाइट लवकर यायची नव्हती. माझा जुना पडदा वीज खादाडासारखी खातो, यूपीएसमध्ये फार तर दहा मिनिटं होती. त्यानंतर माझी भिस्त त्या बॅटरीवर, आणि तिच्यात काय उरलं होतं ते मेकॅनिकच्या तोंडावर आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं.

लेकीनं भराभर सांगितलं. दोघांनी एकाच क्षणी सोडायचं. आधी जवळून, मग लांबून, मग एकानं उडीत. प्रत्येक वेळी धाप किती चित्रं टिकते ते मला हवंय. मी मोजते, तीनला सोडा.

इतकी वर्षं ते एकाच क्षणी सोडत आले होते, पण ते भांडताना, आपोआप. आता ठरवून जमेना. लेकीचा एक डोळा कॅमेऱ्यात, तिचे आकडे अडखळत होते. एक, दोन, तीन. वीज आधी गेली, गोळा मागून. पुन्हा. गोळा आधी, वीज मागून. मी ताजातवाना. आयुष्यात पहिल्यांदा मला धाप हवी होती आणि ती लागत नव्हती. टीं-टीं सुरूच. पाचवा प्रयत्न फुकट गेला. सहावाही गेला. तीन मिनिटं संपली होती आणि दोघं पडद्याकडे बघत होते, एकमेकांकडे नाही.

मग ताई बोलली. मान वळवली नाही, पण बोलली.

"मी मोजते. तीनला सोड."

भावाचा हात बटणावरच थबकला.

"तीनला, की तीन म्हटल्यावर?" त्यानं विचारलं.

"तीनला. तू नेहमी म्हटल्यावर सोडतोस, म्हणून हरतोस."

"नेहमी नाही हरत."

"एक," ताई म्हणाली.

वीज आणि गोळा एकदम सुटले आणि माझ्या डोक्यावर सगळा भार आला. मला अशी धाप लागली, अशी लागली, की मी आनंदानं दमलो. लेक ओरडली नाही, तिनं नुसती बोटानं पुन्हा अशी खूण केली. पुन्हा. लांबून. पुन्हा. उडीत. ताई मोजत होती, भाऊ तीनला सोडत होता, दोघांचे खांदे एकमेकांना घासत होते आणि मी धापा टाकत होतो. तेरा वेळा झालं. यूपीएसचा आवाज आता न थांबता एकसुरी झाला. लेक म्हणाली, अजून एकदा, दोघंही उडीत. ताईनं एक म्हटलं, दोन म्हटलं. तीनला दोघांनी सोडलं. वीजवाली आणि कोळसेवाला हवेत होते, सगळं संथ झालं होतं, आणि मी विझलो.

लाइट दीड तासानं आली. कोणी गेलं नव्हतं. लेकीनं माझं बटण दाबलं आणि माझ्या पडद्यावर रंगीत चौकोन आले, हिरवे, गुलाबी, पुन्हा हिरवे. तिनं तीनदा दाबून पाहिलं. मग भावानं तिचा हात बाजूला केला, माझ्या प्लायवूडवर थाप मारली आणि पिशवी उचलली. ताई त्याच्या पाठोपाठ जिना उतरली. जिन्यात बोलणं ऐकू आलं नाही.

तुम्ही विचाराल, मग मी बोलतोय कसा? मी खेळ विसरलो. माणसं थोडीच विसरलो.

पुढचे दोन मंगळवार लेकीनं कोणालाच बोलावलं नाही. नव्या डब्याला दमायला शिकवताना तिच्या नाकी नऊ आले. तरण्याबांड पोराला म्हाताऱ्याची चाल शिकवायची म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. कुठे एक चित्र दोनदा दाखवायचं, कुठे तीनदा, किती अंतरावरून किती, ते तिनं चौदा तुकड्यांतून एकेक करून वेचलं. शेवटचा तुकडा अर्धाच होता. उरलेला तिनं अंदाजानं भरला आणि वहीत तसं लिहून ठेवलं. तेवढ्या काळात आई आणि मामा एकमेकांशी बोलले का, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. मला तर विचारायची सोयच नव्हती.

मग तिनं ठरवलं की खेळ घरी न्यायचा तर घरीच न्यायचा. तिनं डबा आईच्या घरी, पुढच्या खोलीत मांडला. ताई मला भंगारात द्यायला तयार नव्हती, म्हणून मीही त्या खोलीच्या कोपऱ्यात आलो. लेकीनं मामाला फोन केला. तो बघू म्हणाला. त्या घराची पायरी तो नऊ वर्षं चढला नव्हता.

मंगळवारी चार वाजले. ताई सोफ्याच्या डाव्या टोकाला बसली होती, हात मांडीवर. सव्वाचार. लेक तीनदा पाणी प्यायली. साडेचार. ताई उठली आणि दांड्यांवर फडकं टाकायला निघाली. तेव्हा दाराशी खुडबूड झाली. बेल नाही, कडी नाही, नुसती खुडबूड. लेकीनं दार उघडलं तर मामा वाकून दाराचं कुलूप तपासत होता.

"हे कोणी बसवलंय? उलटं बसवलंय," तो म्हणाला.

"तुझ्यानंतर जो मिळाला त्यानं," ताई आतून म्हणाली.

तो आत आला. उजव्या टोकाला बसला. पहिल्या डावात दोघांनी एकदम सोडलं आणि घरच्या त्या डब्याला धाप लागली. हुबेहूब माझी. दोघांनी श्वास सोडला. भावानं भाचीकडे बघून नुसती मान हलवली आणि लेकीनं भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले. मी कोपऱ्यात होतो. मला कोणी बघितलं नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पहिला डाव ताईचा, दुसरा भावाचा. तिसऱ्या डावात दोघांची ताकद काडीइतकी उरली होती, अगदी सारखी, आणि पुन्हा दोघांनी एकदम सोडलं. सगळं संथ झालं आणि त्या पाऊण सेकंदात भाऊ बोलायला लागला. धाप संपली तरी तो बोलत होता.

"मी तिथं असतो तर मीही सही केली असती, ताई."

ताईचे हात दांडीवरच राहिले. वीजवाली बचावाविना उभी होती, एका ठोशात डाव भावाचा झाला असता. त्यानं ठोसा मारला नाही. पडद्यावरचं डावाचं घड्याळ उतरत होतं, वीस, पंधरा, दहा. दोघांपैकी कोणी बटणाला हात लावला नाही. ताईनं तोंडाला पदर लावला नाही की काही नाही, ती सरळ रडत होती, आणि भाऊ पडद्याकडे बघत बसला होता. पाच. शून्य.

बरोबरी. आणि गंमत बघा, बरोबरी झाली तर काय दाखवायचं हे लेकीनं लिहिलंच नव्हतं. या दोघांत बरोबरी कधी झालीच नव्हती, त्यामुळे तिनं ती मोजलीच नव्हती. माझ्यात अशा वेळी मोठा भोंगा वाजायचा आणि दोघांनाही हरलेलं धरलं जायचं. घरच्या डब्याला काही सुचेना. वीजवाली आणि कोळसेवाला समोरासमोर उभे राहिले, हळूहळू श्वास घेत, कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही, आणि खेळ काही पुढे जाईना. लेकीनं सवयीनं वही उघडली, पेन्सिल टेकवली, आईकडे बघितलं, मामाकडे बघितलं, आणि वही मिटून चहा टाकायला आत गेली.

मित्रांनो, आता मी त्या खोलीत नुसता फळ्यांचा सांगाडा आहे. माझ्यावर वर्तमानपत्रं ठेवतात. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू नव्यात उतरवायला घ्याल तेव्हा तिच्या खोडी पुसण्याआधी ती वापरणाऱ्या हातांना विचारा. तिच्या पोटात बॅटरी असेल तर ती आजच बघा, उद्या नको. आणि कोणाशी बोलणं बंद पडलं असेल, तर निदान त्याच्याशेजारी जाऊन बसायचं बंद करू नका. त्या बरोबरीचं काय दाखवायचं, ते लेकीनं अजून लिहिलेलं नाही. तो डाव तिनं तसाच ठेवलाय.